म्हाताऱ्या होत चाललेल्या गावांना किती डॉक्टर, किती सिस्टर लागतात: नागपूर जिल्ह्याचा हिशेब

विचारलेला प्रश्न असा: नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) आहे, मेयो हे दुसरं शासकीय रुग्णालय आहे, एम्स आहे, खाजगी दवाखाने तर गल्लोगल्ली आहेत. मग साठ-सत्तर किलोमीटरवरच्या रामटेक, कुही, भिवापूर बाजूच्या खेड्यांत डॉक्टर आणि सिस्टर टिकत का नाहीत? गावातली तरुण मंडळी बुटीबोरी, पुणे, हैदराबादला गेली, मागे म्हातारी माणसं उरली. नवीन मेडिकल कॉलेजं निघाल्यावर हे सुटेल का? जपान-जर्मनीसारखे म्हातारे देश काय करतात? आणि ग्रामपंचायतीच्या हातात यातलं काय आहे?

आधी थोडक्यात उत्तर. मंजूर पदं मोजून हा प्रश्न कळत नाही. आठवड्याच्या १६८ तासांपैकी किती तास कोण हजर असतं, हे मोजावं लागतं. म्हाताऱ्या गावाला पहिली कमतरता डॉक्टरची नसून सिस्टरच्या तासांची असते. कॉलेजांनी डॉक्टर वाढतील, पण ते राहतील की नाही हे क्वार्टर, रात्रपाळी आणि बदलीचं वेळापत्रक ठरवतं. आता सविस्तर.

'दर हजारी डॉक्टर' हा आकडा नागपूरच्या बाबतीत फसवा आहे. मेडिकलच्या ओपीडीत सकाळी आठ वाजता रांगेत उभं राहून बघा: शिवनी, छिंदवाडा, बालाघाट, राजनांदगाव, आदिलाबाद, शिवाय गडचिरोली-चंद्रपूर. शहरातल्या डॉक्टरांना शहराच्या लोकसंख्येने भागलं की सुकाळ दिसतो, प्रत्यक्षात ते डॉक्टर चार राज्यांचे रुग्ण बघत असतात. उलट टोकाच्या तालुक्यात नोंदणी झालेले डॉक्टर कागदावर बरे दिसतात, पण त्यातले बरेच नागपुरात राहून अप-डाउन करतात. म्हणजे त्या तालुक्याला डॉक्टर मिळतो तो फार तर दहा ते चार.

दुसरी चूक भाजकातच असते. प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष ३०,००० लोकसंख्येचा आहे, आदिवासी-डोंगरी भागात २०,०००. उपकेंद्राचा ५,००० आणि ३,०००. या निकषात वीस वर्षांचा मुलगा आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी सारखेच मोजले जातात. समजा, वयस्कर माणसाला इतरांच्या तिप्पट वेळा दवाखाना लागतो. एक लाखाच्या तालुक्यात साठीच्या वरचे १० टक्के असतील तर गरज १,२०,००० माणसांइतकी होते; २० टक्के असतील तर १,४०,००० इतकी. लोकसंख्या तीच, काम सुमारे १७ टक्क्यांनी जास्त. त्यातून तरुण बाहेर गेले की डोकी कमी होतात आणि निकषाप्रमाणे गरजही 'कमी' झाल्यासारखी दिसते. गाव जितकं म्हातारं होतं, तितकं ते कागदावर कमी गरजू ठरतं. शिवाय हिशेबाला अजून २०११ चीच जनगणना धरावी लागते. तेव्हा देशात साठीच्या वरचे ८.६ टक्के होते, महाराष्ट्रात जवळपास १० टक्के. आज खेड्यात हा आकडा किती वर गेलाय ते तुमच्या आशाताईच्या वहीत दिसेल, सरकारी निकषात दिसणार नाही.

जपानने नेमकी हीच दुरुस्ती केली. २०१८ च्या कायदा-दुरुस्तीनंतर तिथे प्रत्येक वैद्यकीय क्षेत्रासाठी डॉक्टरांच्या असमान वाटपाचा निर्देशांक काढतात. त्यात लोकसंख्येचं वय आणि स्त्री-पुरुष प्रमाण धरतात, रुग्ण कुठून कुठे जातात ते धरतात, आणि डॉक्टरांचंही वय धरतात, कारण सत्तरीतला डॉक्टर पस्तिशीतल्या डॉक्टरइतके तास काम करू शकत नाही. मग सगळ्या क्षेत्रांची उतरंड लावून तळाचा तिसरा हिस्सा 'कमतरतेचा' ठरवतात. आपल्याकडे जिल्हा पातळीवर हे करायला संगणकतज्ज्ञ लागत नाही. आरोग्य केंद्रनिहाय साठीवरची संख्या आशांकडे आहे, हजेरी मस्टरवर आहे. दोन्ही एका कागदावर आणायचं बाकी आहे.

आता सिस्टरच्या तासांचा हिशेब. हा प्रत्येक सरपंचाला आणि जिल्हा परिषद सदस्याला पाठ असावा. जागतिक आरोग्य संघटनेची कामाच्या भारावरून मनुष्यबळ काढण्याची जी पद्धत आहे, तिची पहिली पायरी हीच: एक माणूस वर्षात खरोखर किती तास उपलब्ध असतो? ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्या गेल्या, ३१३ राहिले. अर्जित रजा ३०, किरकोळ रजा ८, सणवार साधारण २०, आजारपण १०, प्रशिक्षण ५ धरले की २४० दिवस उरतात. आठ तासांनी १,९२० तास. आणि वर्षाचे एकूण तास ८,७६०. भागाकार केला तर साडेचारच्या वर येतो. म्हणजे एक खुर्ची चोवीस तास, बारा महिने भरलेली ठेवायला साडेचार ते पाच सिस्टर लागतात.

हे गणित ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाला लावा. तिथे अधिपरिचारिकांची ७ पदं धरली तर त्यातली एक इन्चार्ज, ती सकाळच्या ड्यूटीला आणि कागदपत्रांना. फिरत्या पाळीला सहा उरल्या. सहा गुणिले १,९२० भागिले ८,७६०: एका वेळी सरासरी १.३ सिस्टर. दोन पदं रिकामी असतील, किंवा एक रिकामं आणि एक बाळंतपणाच्या रजेवर, तर फिरत्या चारच. मग आकडा ०.८८ वर येतो, एकाच्याही खाली. वर्षातल्या जवळपास ४५ दिवसांइतक्या पाळ्यांना हिशेबाने कुणीच नाही. त्या पाळ्या कोणीतरी डबल ड्यूटी करून भरत असते, आणि तीच सिस्टर सहा महिन्यांनी बदलीचा अर्ज घेऊन उभी राहते. भारतीय परिचर्या परिषदेचा सर्वसाधारण रुग्णालयासाठीचा निकष पाच रुग्णांमागे एक सिस्टर आणि वर ३० टक्के रजा-राखीव असा आहे. तो बाजूला ठेवला तरी १.३ आणि ०.८८ यातला फरक फार मोठा आहे: पहिल्यात रुग्णालय कसंबसं चालतं, दुसऱ्यात दार उघडं असतं आणि आत माणूस नसतं.

वयस्कर रुग्णांमुळे हे गणित आणखी ताणतं. लकवा झालेला किंवा खुबा मोडलेला रुग्ण स्वतः कुशीवर वळू शकत नाही. पाठीला जखम होऊ नये म्हणून त्याला दर दोन तासांनी वळवावं लागतं, दिवसातून बारा वेळा. असे चारच रुग्ण वॉर्डात असले तर दिवसाला ४८ वळवणी. प्रत्येकीला दोन माणसं आणि पाच मिनिटं धरा, आठ मनुष्यतास झाले. एका सिस्टरची अख्खी पाळी निव्वळ कूस बदलण्यात गेली. औषधं, सलाईन, लघवीची पिशवी, जेवण भरवणं सगळं वेगळं. हे काम न झाल्याची खूण चौथ्या-पाचव्या दिवशी दिसते: माकडहाडावर लालसर-काळसर चट्टा, जो बोटाने दाबला तरी फिका पडत नाही. तो दिसला की समजा, त्या वॉर्डात रात्री सिस्टर कमी आहे. जखम भरायला पुढे महिने जातात आणि रुग्ण नागपूरला रेफर होतो तो मूळ आजारासाठी नाही, या जखमेसाठी.

डॉक्टरच्या बाजूचं गणित रात्रीचं आहे. आरोग्य केंद्रात दोन वैद्यकीय अधिकारी असले की प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला १८२ रात्री येतात. एक रजेवर किंवा प्रतिनियुक्तीवर (तात्पुरत्या दुसऱ्या जागी) गेला की ३६५. एवढ्या रात्री कोणी माणूस करत नाही, आणि म्हणूनच 'मुख्यालयी राहणे बंधनकारक' अशी परिपत्रकं वर्षानुवर्षं निघतात, तरी संध्याकाळच्या बसने डॉक्टर नागपूरला जातो. हे शिस्तीचं दुखणं मानून उपाय केला तर फसतो. शेजारच्या तीन केंद्रांचे सहा अधिकारी एकत्र धरून रात्रसेवा एकाच केंद्रात ठेवली, तर प्रत्येकाला सहा रात्रींतून एक रात्र येते, वर्षाला ६१. मग त्या ६१ रात्री तो खरोखर जागेवर असावा अशी अपेक्षा करता येते. बाकी दोन केंद्रांत दिवसाची ओपीडी वेळेवर आणि पूर्ण.

यात बिघडतं कुठे, तेही सांगणं भाग आहे. पहिलं, रात्रीचं केंद्र मध्यभागी न निवडता वजनदार गावात निवडलं जातं आणि टोकाच्या वस्तीला पंचवीस किलोमीटर पडतं. दुसरं, बाळंतपणाची गाडी त्या केंद्रावर न ठेवता तिन्हीकडे वाटलेली राहते. तिसरं, लोकांना सांगितलंच जात नाही; नातेवाईक रात्री दोन वाजता जुन्याच केंद्राच्या कुलपासमोर येऊन उभे राहतात. बदल करण्याआधी महिनाभर दवंडी, ग्रामसभा, आशा, केंद्राच्या दारावर मोठ्या अक्षरांत फलक आणि १०८ वाल्यांना लेखी सूचना, एवढं झाल्याशिवाय हा बदल करू नये.

आणखी एक अडचण बाहेरच्याला दिसत नाही: एकाच तालुक्यात आरोग्याचे तीन मालक आहेत. आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेचं, तिथे जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचं, तिथे जिल्हा शल्यचिकित्सक. मेडिकल कॉलेज वैद्यकीय शिक्षण विभागाचं. त्यामुळे ग्रामीण रुग्णालयात सिस्टर नाही आणि पाच किलोमीटरवरच्या आरोग्य केंद्रात दुपारनंतर काम नाही, अशी स्थिती असली तरी एकीला दुसरीकडे हलवणं सोपं नसतं. आस्थापना वेगळी, सेवाज्येष्ठता यादी वेगळी. प्रतिनियुक्ती हा त्यावरचा जुगाड, आणि तो बहुतेक वेळा खेड्याकडून शहराकडे वाहतो. पद भरलेलं दिसतं, पगार त्या केंद्राच्या नावाने निघतो, माणूस नागपुरात असतो.

आता कॉलेजांबद्दल. २०२४-२५ पासून राज्यात दहा नवीन शासकीय महाविद्यालयं सुरू झाली, एकूण ९०० जागा. आपल्या विभागात गडचिरोली आणि भंडारा त्यात आहेत. गोंदिया, चंद्रपूर आधीच होती. ही चांगलीच गोष्ट आहे, पण वेळ लक्षात घ्या. साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे पहिली तुकडी २०३० च्या आसपास बाहेर पडेल. तज्ज्ञ हवा असेल तर पुढे आणखी तीन वर्षं. तोपर्यंत नव्या कॉलेजला शिक्षक लागतात आणि ते याच कुंडातून येतात. जिल्हा रुग्णालयाचं रूपांतर अध्यापन रुग्णालयात झालं की जिल्ह्यातला भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ तिकडे ओढला जातो आणि तालुक्यातलं सिझेरियन बंद पडतं. कॉलेज आलं की पहिली पाच-सहा वर्षं ग्रामीण रुग्णालय आणखी पातळ होण्याचा धोका असतो. त्या काळासाठी आधीच तरतूद मागून ठेवायला हवी. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवर पाठवायची जिल्हा निवासी योजना आहे; ते विद्यार्थी जिल्ह्याच्या गावीच न अडकता उपजिल्हा रुग्णालयापर्यंत पोचावेत, ही मागणी रास्त आहे.

बाँडने काय होतं? शासकीय कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष सेवा द्यायची. या वर्षाचा उपयोग प्रसूती, साथ, अपघात यांना होतो. रक्तदाब, साखर, दमा, गुडघे घेऊन वीस वर्षं जगणाऱ्या माणसाला दरवर्षी नवा डॉक्टर म्हणजे दरवर्षी नवी चिठ्ठी. आधीच्याने दिलेली गोळी नवा बदलतो, घरात दोन्ही पाकिटं राहतात आणि आजी दोन्ही घेते. शिवाय त्या वर्षात तो तरुण नीट-पीजीच्या (पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या) तयारीत असतो. त्यात त्याचा दोष नाही, व्यवस्थेनेच त्याला पुढची शिडी तिथे ठेवली आहे. म्हणून दीर्घ आजारांचं सातत्य डॉक्टरवर टांगून ठेवू नये. ते एएनएम (उपकेंद्रातली आरोग्यसेविका), समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशा या गावातच राहणाऱ्या माणसांवर बांधावं, आणि डॉक्टर तीन महिन्यांनी तपासणारा असावा.

जपानने बाँडला वेगळा आकार दिला. १९७२ साली जिची वैद्यकीय विद्यापीठ काढलं. ४७ प्रांतांपैकी प्रत्येकातून दोन-तीन विद्यार्थी घेतात. सहा वर्षांचं शिक्षण प्रांताच्या पैशाने आणि त्याबदली दीडपट, म्हणजे नऊ वर्षं स्वतःच्याच प्रांतात सेवा. इथे दोन गोष्टी महत्त्वाच्या: मुलगा त्याच भागातला आणि मुदत संसार बसेल इतकी लांब. नऊ वर्षांत लग्न होतं, मुलं शाळेत जातात, मग तो तिथलाच होऊन जाण्याची शक्यता वाढते. त्याच जपानने २००४ साली नवीन डॉक्टरांना प्रशिक्षणाचं रुग्णालय स्वतः निवडायची मोकळीक दिली. विद्यापीठ रुग्णालयांकडे कनिष्ठ डॉक्टर कमी झाले, त्यांनी खेड्यांत पाठवलेले आपले डॉक्टर परत बोलावले आणि खेड्यांतली टंचाई चिघळली. हेतू चांगला असलेला एक नियमबदल खेड्यावर कसा कोसळतो याचा हा धडा आहे. आपल्याकडेही प्रवेश-नियम बदलताना कोणी टोकाच्या ग्रामीण रुग्णालयाचा विचार करतो का, हे विचारत राहावं लागेल. जर्मनीत नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाने २०१९ पासून काही वैद्यकीय जागा ग्रामीण डॉक्टरसाठी राखल्या: दहा वर्षं सेवा, मोडली तर अडीच लाख युरो दंड.

लांब जायला नको, सेवाग्राम नागपूरपासून दीड-दोन तासांवर आहे. १९६९ साली निघालेल्या त्या संस्थेने पदव्युत्तर प्रवेशासाठी दोन वर्षांच्या ग्रामीण सेवेची अट अनेक वर्षं चालवली. प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यायचं, पहिल्याच वर्षी त्या गावात जाऊन राहायचं. शेजारच्या छत्तीसगडने आरोग्य केंद्रांची साधी, कठीण, अतिकठीण अशी प्रतवारी करून त्यानुसार भत्ता ठरवला. आपल्याकडे आदिवासी-नक्षलग्रस्त भागाला एकस्तर वेतनाचा (एक पायरी वरच्या वेतनश्रेणीचा) लाभ आहे, पण तो ठरतो तालुक्यावर. एकाच तालुक्यात हायवेवरचं केंद्र आणि जंगलातलं केंद्र सारखंच मानलं जातं, मग सगळे हायवेवरचं मागतात. प्रतवारी तालुक्याची न करता केंद्राची करा, एवढा एक बदलही बरंच काही करेल.

सिस्टरच्या बाबतीत ओढ नागपूरपुरतीच नाही. म्हाताऱ्या देशांना माणसं हवी आहेत आणि ती ते इथून नेतात. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही येतात. जीएनएम (परिचर्या पदविका) झालेल्या मुली जर्मन भाषेची बी-टू पातळी गाठायला क्लास लावतात. त्यांना अडवणं चूक आहे. कर्ज काढून शिकलेल्या मुलीला चार पैसे मिळत असतील तर मिळावेत. पण इथे काय मिळतं, ते बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली होती की ५० खाटांपर्यंतच्या खाजगी रुग्णालयातही सिस्टरला महिना २०,००० रुपयांच्या खाली पगार नसावा. २०० खाटांच्या वर असेल तर शासकीय वेतनाइतका असावा. तुमच्या ओळखीच्या सिस्टरला तिचा पगार विचारा आणि या आकड्याशेजारी ठेवा. जिल्हा परिषदेचं कंत्राटी पद अकरा-अकरा महिन्यांनी नवं होत असेल, तर ती मुलगी वीस हजारांसाठी जंगलातल्या क्वार्टरमध्ये का थांबेल?

क्वार्टर हा शब्द आला, तर तिथेच थांबून नीट बघू. कारण गावाच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. एकटी सिस्टर रात्री राहील की नाही हे ठरवणाऱ्या वस्तू छोट्या असतात: आतून लागणारी दणकट कडी, खिडकीला गज, संडासात नळ, दारासमोर लागणारा दिवा, पावसाळ्यात न गळणारं छप्पर, लाइन गेली तर चार तास चालणारा इन्व्हर्टर आणि मोबाइलला रेंज. क्वार्टर आवाराच्या मागच्या कोपऱ्यात, झुडपांत असेल तर एकटी कोणी राहणार नाही. दोघींना शेजारी-शेजारी खोल्या द्या. रुग्ण कल्याण समितीकडे अनटाइड फंड (ठरावीक बाबीला न बांधलेला निधी) असतो, त्यातून किरकोळ दुरुस्ती होते. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात आरोग्यावरचा खर्च धरता येतो. पाण्याची टाकी भरण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे लेखी द्या, नाहीतर उन्हाळ्यात पहिला अर्ज पाण्यावरूनच येतो. नवरा दुसऱ्या तालुक्यात नोकरीला असेल तर पती-पत्नी एकत्रीकरणाच्या तरतुदीतून दोघांना जवळ आणण्यासाठी ग्रामसभेचा ठराव जोडून पाठवा.

आता दीर्घ आजारांची रचना. ३०,००० च्या केंद्राखाली साठीवरचे १२ टक्के धरले तर ३,६०० माणसं. त्यातल्या निम्म्यांना रक्तदाब किंवा साखर धरा, १,८००. सगळे दर महिन्याला गोळ्या न्यायला केंद्रावर आले तर महिन्याच्या २४ ओपीडी दिवसांत रोज ७५ जण. डॉक्टरने प्रत्येकाला चारच मिनिटं दिली तरी पाच तास गेले. तापाचं लेकरू, गरोदर बाई कधी बघायची? म्हणून गोळ्यांचं वाटप उपकेंद्रावर न्या. सहा उपकेंद्रांत वाटले की प्रत्येकी महिन्याला ३००, रोज बारा-तेरा. ते समुदाय आरोग्य अधिकारी आणि एएनएमला झेपतं. डॉक्टरने प्रत्येकाला तीन महिन्यांतून एकदा बघायचं, म्हणजे त्याच्याकडे रोज २५. रक्तदाब १४०/९० च्या आत असेल, तक्रार नसेल, तर त्याच चिठ्ठीवर पुढच्या ३० दिवसांच्या गोळ्या. १६०/१०० च्या वर, पायावर सूज, चालताना दम, नव्याने आलेली असंबद्ध बडबड किंवा पडण्याची घटना असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे. १८०/११० असेल तर त्याच दिवशी.

हे फसतं ते दोन कारणांनी. एक, उपकेंद्रावर गोळ्यांचा साठा महिन्याचाच येतो आणि एक गाडी चुकली की सगळी साखळी तुटते. दोन महिन्यांचा साठा ठेवायचा नियम करा. दोन, बीपी मशीनचे सेल संपलेले असतात किंवा पट्टा लहान असतो. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटा चढतो. ई-संजीवनीवरून दूरचा डॉक्टर गाठतानाही हेच. कॉल लावण्याआधी वय, आजचा बीपी, साखर, चालू गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो आणि शेवटची क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची) तपासणी एका कागदावर हवी. नाहीतर पाच मिनिटांचा सल्ला 'नागपूरला दाखवा' एवढ्यावर संपतो.

आपल्या भागातलं एक खास: मार्चनंतर पारा चढायला लागला की रक्तदाबासाठी 'पाण्याची गोळी' (लघवी वाढवणारी) घेणाऱ्या वयस्करांचा बीपी उभं राहिल्यावर खाली येतो. बसून मोजा, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर गोळीचा डोस डॉक्टरकडून तपासून घ्या. स्वतः बंद करू नका. मे महिन्यात पहाटे संडासला उठलेली आजी चक्कर येऊन पडते आणि खुबा मोडतो, त्यातले कित्येक प्रसंग या एका मोजणीने टळतात. हे काम पूर्णपणे सिस्टरचं आहे, डॉक्टरची वाट बघायची गरज नाही.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी केरळचं उदाहरण घ्या. २००८ च्या धोरणानंतर तिथल्या पंचायतींनी घरभेट देणारी सिस्टर ठेवली. आपल्या ३,६०० वयस्करांत शंभरात दोन खिळलेले धरले तर ७२ जण. एक सिस्टर रोज सहा घरं, आठवड्यातले पाच दिवस, सहावा दिवस नोंदी आणि सामानाला: पंधरवड्याला ६० घरं. म्हणजे एका केंद्राला एक फिरती सिस्टर जवळपास पुरते. पिशवीत बीपी मशीन, ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर आणि पट्ट्या, ड्रेसिंगचं सामान, हातमोजे, १४ आणि १६ नंबरचे कॅथेटर, लघवीच्या पिशव्या. साधा लॅटेक्सचा कॅथेटर तीन-चार आठवड्यांनी बदलावा लागतो. तारीख पिशवीवर मार्करने लिहिली नाही तर तो दोन-दोन महिने राहतो आणि ताप भरतो. घरातल्या सुनेला कूस बदलायला शिकवणं, हा भेटीचा निम्मा उपयोग. सिस्टरसाठी गाडी किंवा पेट्रोलचा खर्च आधी ठरवा. तो न ठरवता पद निर्माण केलं की तिसऱ्या महिन्यात ती केंद्रावरच बसलेली दिसते.

सुरुवात माहितीपासून करा. आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय यांचे मालक वेगळे असल्यामुळे माहिती अधिकाराचे अर्ज दोन लागतील: आरोग्य केंद्रांसाठी जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, ग्रामीण रुग्णालयासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. प्रत्येकी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. पदनिहाय चार रकाने मागा: मंजूर, भरलेली, प्रतिनियुक्तीवर गेलेली (कुठे आणि कधीपासून), प्रत्यक्ष हजर. सोबत मागच्या तीन महिन्यांचं पाळीपत्रक. 'रिक्त पदे किती' एवढंच विचारलंत तर प्रतिनियुक्तीवरची माणसं भरलेल्यांत मोजून उत्तर येईल. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते आणि सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे मध्ये होतात. म्हणून अर्ज जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात टाका, मार्चमध्ये चार रकाने ग्रामसभेत वाचून दाखवा, 'प्रतिनियुक्ती रद्द करून मूळ जागी पाठवा' असा पदाच्या नावानिशी ठराव करा आणि दुरुस्त केलेल्या क्वार्टरचे फोटो त्याला जोडा. फोटो जोडलेल्या ठरावाला 'राहायची सोय नाही' हे उत्तर देता येत नाही.